एवढा एक ‘पण’

हॉलिवूडमध्ये नटाला एखादं वाक्य खटकलं की स्टुडिओवाले वाक्य बदलत नाहीत, लेखकच बदलतात. तिथे अर्धं आयुष्य घालवून दमलेला लेखक अर्विन हाल्पर्न शेवटी न्यूयॉर्कला, आपल्या नाटकाकडे परत आला. इथे लेखकाला विचारल्याशिवाय कोणी एक शब्दही हलवत नाही.

पहिल्याच तालमीत नायिका कॉन्स्टन्स, त्याची जुनी मैत्रीण, वाचता वाचता थांबली.

“अर्विन, रागावू नकोस हं. इथला हा ‘पण’ काढला तर चालेल का? नको असेल तर राहू दे बाबा.”

अर्विनने चष्मा खिशात ठेवला, कोट अंगात चढवला.

“अरे, निघालास कुठे?”



“नव्या लेखकाला सांग,” तो दारातून म्हणाला, “दुसरा अंक अजून जरा कच्चा आहे.”