'लागेल' नावाचा फोल्डर

सांगलीची विनोदिनी आणि वाईचा तिचा भाऊ सुमंत. इंटरनेटवरच्या पानांचे एकाने ठेवलेले बुकमार्क दुसऱ्यालाही दिसावेत, अशी सोय सुमंतनेच केली होती. ती वापरणारी माणसं दोनच.

सोमवारी त्यात 'लागेल' नावाचा नवा फोल्डर दिसला. आत एकच पान होतं, भाजल्यावर काय करावं याचं. दुपारी विनोदिनीच्या हातावर उकळतं दूध सांडलं.

बुधवारी आतून अडकलेली कडी उघडायचं पान आलं. संध्याकाळी सुमंतची नऊ वर्षांची ऋचा न्हाणीघरात अडकली.

आज सकाळी विनोदिनीने फोन लावला. "ही पानं तूच टाकतोस ना रे?"

"छे गं ताई! मला वाटलं, तू."

बोलता बोलताच तिच्यासमोरच्या संगणकावर त्या फोल्डरमध्ये तिसरं पान उमटलं. तिने ते मोठ्याने वाचलं, "बुडालेल्याला शुद्धीवर कसं आणावं."

"ऋचा घाटावर गेलीय पोहायला," सुमंत कसाबसा म्हणाला.

फाटक आपटल्याचा आवाज आला, मग नुसती त्याची धाप.

तेवढ्यात 'लागेल'मधून ते पान आपोआप पुसलं गेलं. आधीची दोन जागच्या जागी होती.

"ताई," सुमंत धावता धावता ओरडला, "काय काय करायचं ते वाचून दाखव!"