तुटला का?

साचा उघडला आणि सायकलच्या पुढच्या चाकाचा काळाभोर चिमटा गरमागरम बाहेर आला. कार्बन फायबरचा असा चिमटा पूर्वी भट्टीत रात्रभर ठेवावा लागे. हा चहा निवायच्या आत तयार झाला. गार झाल्यावर जयवंतनं तो चाचणीच्या यंत्रात बसवला आणि वरून वजन सोडलं. धाडकन आवाज झाला. चिमटा शाबूत. त्यानं वजन वाढवलं, पुन्हा वाढवलं, तरी तो तुटेना. लॅबमधली पोरं खूश होती, त्यांच्या जयवंतसरांना मात्र तो तुटायलाच हवा होता.

लेकीसाठी, ऋतासाठी, त्यानं स्वतःच्या हातानं असाच एक चिमटा बनवला होता. शर्यतीत, घाटाच्या उतारावर, खड्ड्यात आपटून तो काचेसारखा फुटला. ऋता परत आली नाही. "कुठलाच चिमटा टिकला नसता गं," असं त्यानं तेव्हा बायकोला, शालनला, सांगितलं. त्या एका वाक्यावर दोघं कशीबशी उभी होती. म्हणूनच दर चाचणीनंतर ती फोन करायची, आणि "तुटला" ऐकलं की तिला हायसं वाटायचं. त्यालाही.

मागे टाळ्या सुरू झाल्या, कुणीतरी पेढे आणायला पळालं. तेवढ्यात फोन वाजला.

"तुटला का हो?" शालननं विचारलं.

"तुटला," जयवंत म्हणाला.

टाळ्या तिलाही ऐकू येत होत्या.

"बरं," ती म्हणाली. "जेवायला लवकर या."