तांब्याएवढं डोकं

पितळी तांब्या. न शिवलेली टोपी. आखाती देशात सरकारनं बंद ठेवलेले व्हिडिओ कॉल. हिंगोलीतला मोर्चा. रूपाबाईच्या लेकीनं, संगितानं, तिकडं चोरून चालणारं ॲप शोधलं, तोवर मोर्च्यापायी इथल्या सरकारनं नेटच तोडलं. नातवाचं तोंड बघणं राहिलंच. पण तांड्यात पहिली टोपी आजीच्याच हातची लागते, आणि ती नेणारा संगिताचा दीर सकाळी निघणार होता. रूपाबाईनं साधा फोन लावला. "डोकं केवढं गं लेकराचं?" "इथं टेप कुठाय, याडी?" लेक आईला म्हणाली. रूपाबाईचा नवरा थावरा बाजूनं म्हणाला, "आजीवानी असंल, मोठं अन् रिकामं." संगिता म्हणाली, "थांब, तू दिलेला तांब्या हाय. बराबर त्याच्या पोटाएवढं." रूपाबाईनं जोडीतल्या दुसऱ्या तांब्यावर टोपी बेतली, आरसे टाचले आणि पितळेवरूनच हात ओवाळून बोटं मोडली. जाताना ओझं नको म्हणून संगितानं आपला तांब्या दोनदा पेटीतून काढला होता; दोन्ही वेळा रूपाबाईनं तो परत कोंबला होता.