काकूंच्या हाती पेनड्राइव्ह

वाचनालयाला देणगीत मिळालेल्या जुन्या लॅपटॉपांवर लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली बसवायला तंत्रज्ञ शहरातून यायचा. आज त्याने पेनड्राइव्ह ग्रंथपाल काकूंच्याच हातात ठेवला. “हा लावा आणि एंटर दाबा. बाकीचं आपोआप होईल.” “माझ्याकडून बिघडलं तर?” “पुन्हा लावायचा.” काकूंनी भीतभीत एंटर दाबलं. पडद्यावर अक्षरं भराभर सरकली. थोड्या वेळाने प्रिंटरची जोडणी, मराठी कळफलक, मुलांचे धडे, सगळं जागच्या जागी आलं. काकूंचा चेहरा मात्र उतरला. “म्हणजे आता तू यायचा नाहीस.” तो खुर्चीत टेकला. जिना चढल्याची धाप अजून होती. “डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय, काकू. म्हणून तर हे बनवलं.” “बरा कधी होशील?” त्याने नकारार्थी मान हलवली. काकूंनी पेनड्राइव्ह काढून दुसरा लॅपटॉप पुढे ओढला. “तू बस. आहेस तोवर मला चुका करून घेऊ दे.”