बारीक शिट्टी

"आता तरी ऐकू येतेय का?" बॉनेटवर हात ठेवून टॉर्केलने विचारलं.

गुन्वोरने कानटोपी वर सरकवली आणि चालू इंजिनावर वाकली. भंगारातल्या गाड्यांचे सुटे भाग ती आणि तिचा भाऊ ऑनलाइन विकत. गिऱ्हाइकं घरबसल्या तक्रारी लिहीत; गाडी घेऊन कुणी थेट दारात येत नसे. हा पहिलाच.

"इंजिनाचा आवाज येतोय," ती म्हणाली. "छान चाललंय."

"इंजिनाचा नाही हो! त्याच्याही वर. बारीक शिट्टी. तुमच्या अल्टरनेटरची. आणि तुम्ही जाहिरातीत लिहिलं होतं, उत्तम स्थितीत!"

गुन्वोर गोंधळली. बॅटरी चार्ज करणारा पहिला अल्टरनेटर शिट्टी मारतो असं तो म्हणाला, तेव्हा तिने मुकाट्याने दुसरा पाठवला होता. त्यालाही तीच शिट्टी. माणूस लबाड असावा, असं तिला वाटलं होतं. पण लबाड माणूस वितळत्या बर्फातून तळ्याच्या पलीकडून कशाला येईल? आणि सोबत बायकोला कशाला आणेल?

तिने लांब स्क्रूड्रायव्हर घेतला. टोक अल्टरनेटरला लावलं, मूठ कानाला. बेअरिंग गेलं असतं तर खरखर आली असती. काहीच नव्हतं.

टॉर्केलने स्क्रूड्रायव्हर तिच्या हातातून घेतला, डोळे मिटून ऐकलं.

"हीच! अहो, गावातली माणसं गाडी माझ्या दारात आणून उभी करतात. आवाजावरून सांगतो मी काय बिघडलंय ते. आरा गिरणीत, करवतींच्या गोंगाटात जन्म गेला माझा. मला शिकवू नका."

आवाज चढलेला ऐकून तिचा भाऊ सिक्स्टेन शेडमधून बाहेर आला. त्यानेही कान लावला, खांदे उडवले.

"मस्त आहे की."

"दोघं मिळून मला वेड्यात काढताय का?" टॉर्केल गाडीकडे वळला. "मायब्रिट, तू सांग यांना."

मायब्रिट पुढच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसली होती. तिने काच खाली केली.

"मला इंजिनातलं काय कळतंय, टॉर्केल."

"शिट्टी ऐकायला इंजिन कशाला कळायला हवं? कान आहेत ना?"

"हे बघा," गुन्वोर म्हणाली, "पट्टा काढून बघू. पट्टा नसला की अल्टरनेटर फिरणारच नाही. तरीही शिट्टी आली, तर माझा माल निर्दोष. कबूल?"

"कबूल."

इंजिन थांबवून सिक्स्टेनने पट्टा उतरवला. मायब्रिटने हात लांब करून किल्ली फिरवली. इंजिन पुन्हा सुरू झालं. अल्टरनेटर जागच्या जागी स्तब्ध होता. टॉर्केलने त्याच्याकडे पाहिलं, मान तिरपी केली, पुन्हा पाहिलं.

"येतेय," तो हळूच म्हणाला. "अजून येतेय."

"मग अल्टरनेटर नव्हे."

"मग काय आहे?" या वेळी आवाजात भांडण नव्हतं. त्याने रबरी नळ्यांवरून, तारांवरून हात फिरवला. मग सिक्स्टेनकडे पाहिलं. "काय असेल रे?"

सिक्स्टेन पुन्हा बॉनेटखाली वाकला. तेवढ्यात इंजिन थांबलं.

शेडच्या पत्र्यावरून बर्फाचं पाणी ठिबकत होतं. दूर कुठेतरी एक कावळा ओरडला.

टॉर्केलचा चेहरा एकदम उजळला. त्याने बोट वर केलं.

"ही बघा! आता तर स्वच्छ ऐकू येतेय! ऐकलीत ना?"

गुन्वोरने सिक्स्टेनकडे पाहिलं. सिक्स्टेनने खाली मातीकडे.

मायब्रिट गाडीतून उतरून नवऱ्याच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. तिने मूठ त्याच्यापुढे धरली आणि उघडली. तळहातावर गाडीची किल्ली होती.

टॉर्केलचं बोट तसंच वर राहिलं.