नळाजवळचं झुडूप

नळाजवळची जागा कायम ओलसर, त्यात दिवसभर ऊन. अशा जागी रानातलं पांढऱ्या फुलांचं झुडूप हमखास धरतं, म्हणून धाकट्या जावेने ते तिथे लावलं आणि मुळं पक्की बसावीत म्हणून भोवतालची माती तळहाताने दाबली.

झुडूप जोमाने वाढलं. फक्त रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बुंध्याशी तळहाताचा ताजा ठसा दिसायचा.

"ताई, माती रोज दाबायची नसते, मुळं गुदमरतात," शेवटी ती थोरल्या जावेला म्हणाली.

"मी कशाला तुझ्या झाडाच्या वाटेला जाऊ? मला वाटलं, तुलाच चैन पडत नाही."

धाकटीने ते हसण्यावारी नेलं.

कळ्या आल्या तेव्हा ती पाहायला खाली वाकली, आणि तो ठसा तिला पहिल्यांदा जवळून दिसला. माती दबलेली नव्हतीच. पाच बोटं आणि तळवा, तेवढी वर आलेली होती.

काहीतरीच, असं पुटपुटत तिने त्यावर हात ठेवला. बोटाला बोट तंतोतंत जुळलं. ते उंचवटे मोडावेत म्हणून तिने जोर दिला.

खालून कुणीतरी तिचा तळवा हळूच दाबला, मुळं पक्की बसावीत म्हणून दाबतात तसा.