नवरदेव कुठल्या पानावर?

या, असे पुढे सरका. मागच्यांनाही जागा द्या. आज पूर्वरंग नाही, निरूपण नाही; एकदम आख्यानच सांगतो, आणि तेही मूठभर. आख्यान आहे एका पुस्तकाचं, आणि त्या पुस्तकात नवरदेव शोधत बसलेल्या एका बापाचं.

सिंदी मेघे गावाच्या कडेला रूपरावची भाजीची वाडी. संध्याकाळ उतरत होती. बायको छाया ओसरीत उद्याच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होती. रूपरावनं पेन शोधायला पोरीच्या दप्तरात हात घातला, तर हाती पुस्तक आलं. वर एक परदेशी पोरगी. अंगात गुलाबी घेरदार झगा, डोक्यावर मुकुट, हातात फुलं. मागं मांडव, बाजेवाले, जेवणाची टेबलं. खाली मराठीत लिहिलेलं: मारिसोलला पंधरा वर्षं झाली.

रूपरावनं आधी फाटकाकडे पाहिलं. कोणी बघत नव्हतं.

त्याची अंकिताही पंधराचीच. रविवारी जाम गावाहून तिला बघायला पाहुणे येणार होते. 'आता गुपचूप साक्षगंध, लग्न मागाहून,' असं मध्यस्थ मधुकररावांनी कानात सांगितलं होतं. पोरीला अजून कळू दिलं नव्हतं. शाळेत तर नाहीच. मग हे पुस्तक नेमकं आत्ताच घरात कसं आलं?

"हे कोणं देल्लं वं तुले?"

"म्याडमनं," अंकिता आतून येत म्हणाली.

"दहावीतल्या पोरीले चित्राचं पुस्तक?"

"उद्या पह्यलीतल्या लेकराईले वाचून दाखवाचं हाय, बाबा. आमच्या वर्गात सगळ्याईले एकेक देल्लं."

"तुलेच हे काऊन?"

"ज्याच्या हाती जे आलं ते."

उत्तर सरळ होतं. पण एकदा संशय बसला की माणसाला टाळाच्या गजरातही कुजबूज ऐकू येते. रूपरावनं छायाकडे पाहिलं. हिनंच तर मॅडमच्या कानावर घातलं नसेल? छायानं जुडीला गाठ मारली आणि दुसरी उचलली.

"वाच," तो म्हणाला. "माह्यासमोर वाच."

अंकिता वाचू लागली. मारिसोलचे आजी-आजोबा मेक्सिकोतून अमेरिकेत आलेले. घरातलं बोलणं अजून स्पॅनिशच. पोरगी पंधराची होणार म्हणून त्यांच्या रिवाजाप्रमाणे आजी झगा शिवतेय, मावश्या मक्याच्या पानांत सारण गुंडाळून वाफवताहेत, चर्चमध्ये पाद्री तिच्या डोक्यावर हात ठेवतोय.

"पाह्य! देवासमोर नेलं," रूपराव म्हणाला. "नवरदेव कुठी हाय?"

"वाचून तर राह्यली ना, बाबा."

पान उलटलं. एकसारखे कपडे घालून पोरंपोरी नाचत होती. रूपरावनं एकावर बोट ठेवलं.

"हा?"

"तो तिचा चुलतभाऊ."

"आन हा मिशीवाला?"

"तो बाजा वाजवते."

पुढच्या पानावर मारिसोल खुर्चीत बसलेली. बाप तिच्यापुढं गुडघ्यावर. तिच्या पायातल्या साध्या चपला काढून तो टाचेचे नवे जोडे घालतोय.

"झालं!" रूपरावनं मांडीवर थाप मारली. "बापानं पाय धरले. लग्नाबिगर बाप पोरीच्या पायाले हात लावते काय?"

"लग्न नाई, बाबा. ते मोठी झाली म्हणून सगळे जमले. बस, एवढंच."

"कोणासाठी मोठी झाली?"

अंकितानं शेवटचं पान उलटलं. सोमवार. मारिसोल पाठीवर दप्तर टाकून शाळेच्या बसमध्ये चढतेय. पायात जुनेच बूट. मुकुट तेवढा केसांत विसरून राहिलेला.

रूपरावनं पुस्तक ओढून घेतलं. मधली दोन पानं चिकटली होती. त्यानं बोट जिभेला लावून ती सोडवली, दिव्याकडे धरून पाहिली. आत नुसतं केकचं चित्र.

"लपवला," तो पुटपुटला. "कुठीतरी लपवला यायनं नवरदेव."

"पुस्तकात कायले शोधता?" छाया म्हणाली. तिचे हात थांबले नव्हते. "इथी बसला ना नवरदेव."

रूपराव हसायला गेला. हसू निघालं नाही.

"माह्या पंधराव्यातही मांडव होता. तुमच्या बाजूले बसवलं मले. बाबानं परातीत पाय धुतले, तवा मी मावशीच्या खांद्यावर झोपून गेलती. सकाळी पायाच्या बोटात जोडवी दिसली, तवा समजलं." तिनं जुडी टोपलीत टाकली. "म्याडमले म्या काई नाई सांगतलं. सांगाले पायजे होतं."

"काय सांगाले पायजे होतं?" अंकितानं विचारलं. तिनं आईकडे पाहिलं, मग बापाकडे. आता संशय तिच्या डोळ्यांत होता.

रूपरावचा फोन वाजला. मधुकरराव. फोन वाजून वाजून थांबला. रूपराव छायाच्या पायांकडे पाहत होता. वाडीतला चिखल वाळून चढलेला, आणि त्यात रुतलेली जोडवी. रोज दिसणारे पाय.

फोन पुन्हा वाजला. या वेळी त्यानं उचलला.

"भाऊ, रविवारी पाहुण्याईले नका आणू." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "काऊन म्हंजे? पोरगी वाचून राह्यली."

आख्यान इथंच थांबलं. आता आरतीचं ताट फिरत फिरत तुमच्यापर्यंत येईल. ज्योतीवरून हात फिरवाल, तेव्हा मावशीच्या खांद्यावर झोपलेल्या त्या पोरीची एकदा आठवण करा. तिला कुणी उठवलं नव्हतं.